जुन्या अमेरिकन कंट्री रेकॉर्ड्स ऐकताना गळा का दाटून येतो?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: यूट्यूबवर फिरता फिरता १९२० ते १९५० च्या काळातली अमेरिकन कंट्री गाणी कानावर पडली. शब्द निम्मेच कळतात, रेकॉर्डची खरखर भरपूर, तरी गळा दाटून येतो. याला गतकाळाची हुरहुर म्हणावं तर तो काळ आपला नाही आणि देशही नाही. मग हे आहे तरी काय? आणि पुढे काय ऐकावं?

हुरहुर नाही, हे तुम्ही बरोबर ओळखलंत. मी सांगलीचा. १९२७ सालच्या टेनेसीची आठवण येऊन मी व्याकूळ व्हावं असं माझ्या सात पिढ्यांत काही घडलेलं नाही. तरी ही गाणी गेली पंधरा वर्षं माझ्या घरात वाजतायत. एवढं ऐकून माझं मत असं झालंय की ही गाणी आपल्याला रडवतात, कारण गाणारा माणूस स्वतः रडत नाही.

हे मला कसं कळलं ते सांगतो.

टेनेसी राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात किंग्जपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे मी चार वर्षं नोकरीला होतो. शेजारी ऐंशीच्या घरातले एक निवृत्त गृहस्थ राहायचे. रविवारी दुपारी ते व्हरांड्यात बसलेले असत आणि मी दिसलो की हात करून बोलवत. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा ग्रामोफोन होता. एकदा त्यांनी एक रेकॉर्ड लावली. गिटारचे दोन-चार ठोके, मग एका बाईचा खर्जातला आवाज. शब्द मला धड कळेनात, म्हणून त्यांनीच अर्थ सांगितला: प्रियकर सोडून गेलाय, मला त्या विलोच्या झाडाखाली पुरा, असं ती मुलगी म्हणतेय. मी चकित झालो. मरणाची गोष्ट, आणि बाजारातून काय काय आणायचं ते सांगावं तसा सूर! सुरुवातीला तर मला ती बाई कुणावर तरी रागावलीय असंच वाटलं. रेकॉर्ड संपली. आजोबांनी सुई उचलली आणि बराच वेळ तसेच बसून राहिले. त्यांची आई भांडी घासताना हे गाणं असंच म्हणायची, एवढंच बोलले.

त्या दिवशी मला गाणं आवडलं नाही. आवडायला निमित्त झालं ते आईच्या फोनचं. दर रविवारी तिचं ठरलेलं असायचं, ‘इकडं सगळं ठीक आहे, तू जेवलास का?’ त्या डिसेंबरात एकदा अगदी त्याच सुरात ती म्हणाली, ‘गेल्या आठवड्यात जरा दवाखान्यात होते, दोन स्टेंट घातलेत, आता बरी आहे, तू यायची गडबड करू नको.’ आणि लगेच बर्फ किती पडलाय ते विचारलं. फोन ठेवल्यावर माझे हातपाय गळाले. ती फोनवर रडली असती, तर मी तिची समजूत घालत बसलो असतो. मला माझं रडायला जागाच उरली नसती. तिने ती जागा मोकळी ठेवली होती. संध्याकाळी मी आजोबांकडे जाऊन तीच रेकॉर्ड पुन्हा मागितली. या वेळी पहिल्या कडव्यातच काय ते कळलं.

ती बाई म्हणजे सारा कार्टर. किंग्जपोर्टहून अर्ध्या तासावर ब्रिस्टल आहे. हे गाव दोन राज्यांत वाटलं गेलंय. मुख्य रस्त्याचं नाव स्टेट स्ट्रीट, त्याची एक बाजू टेनेसीत आणि दुसरी व्हर्जिनियात. १९२७ च्या जुलैअखेरीस व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीसाठी गाणी मुद्रित करणारा राल्फ पीअर तिथे उतरला. टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत त्याने यंत्रं मांडली, आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर पांघरुणं टांगली आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना बोलावणं धाडलं. एका गाण्याचे ५० डॉलर. दोन आठवड्यांच्या आत १९ कलावंतांची ७६ गाणी त्याने मेणाच्या तबकड्यांवर उतरवली.

१ ऑगस्टला त्याच्यापुढे तिघं उभी राहिली. क्लिंच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मेसेस स्प्रिंग या वस्तीवरून आलेला ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा, आणि मेबेल. मेबेल साराची नात्याने बहीण आणि शिवाय जाऊ. वय अठरा, दिवस भरत आलेले. साराच्या कडेवर पाच महिन्यांचं पोर, त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी सोबत आणलेली. मोटार ए. पी. च्या भावाची, वाटेत चाकांनी दगा दिलेला. या सगळ्यातून येऊन सारा गायली, आणि गायली ती तिच्या मुलुखात बायका घरी गातात तशीच.

हे ‘घरी गातात तसं’ म्हणजे काय, ते कळल्याशिवाय ही गाणी उलगडत नाहीत. या डोंगरांत इंग्लंड-स्कॉटलंडकडून आलेल्या लांबलचक गोष्टीवेल्हाळ गाण्यांची परंपरा आहे. बॅलड म्हणतात त्यांना. बुडून मेलेली मुलगी, फितवलेली बहीण, परत न आलेला खलाशी, असे विषय. जुन्या वळणाची बॅलड गाणारी बाई नजर कुठेतरी लावून बसते. आवाज चढवत नाही, उतरवत नाही, चेहऱ्यावर काही आणत नाही. एकामागून एक कडवी सांगत जाते. गोष्ट मोठी, सांगणारी लहान, अशी त्यामागची समज. खुनाच्या कडव्याला आणि लग्नाच्या कडव्याला एकच सूर. ऐकणाऱ्याने काय वाटून घ्यायचं ते त्याच्यावर सोडलेलं असतं.

आणि तो आवाज यंत्राला नेमका त्याच सुमारास पकडता येऊ लागला. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंग व्हायचं ते भोंग्यासमोर. त्यात जोरात गावं लागे, नाहीतर सुई हलायचीच नाही. मग विजेचा मायक्रोफोन आला. स्वयंपाकघरातल्या आवाजात गायलं तरी चालू लागलं. सारा कार्टर पाच वर्षं आधी जन्मली असती आणि भोंग्यासमोर उभी राहिली असती, तर तिला ओरडावं लागलं असतं आणि आपल्याला ती सारा कधी ऐकायलाच मिळाली नसती. हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो.

दहा इंची तबकडीत साधारण तीन मिनिटं मावत. मेणावर काही खोडता येत नाही, चुकलं तर नवी तबकडी घेऊन पहिल्यापासून. म्हणून जे उतरलं ते तसंच्या तसं राहिलं: कडव्याच्या शेवटी अपुरा पडलेला श्वास, किंचित उतरलेला स्वर, ए. पी. चं मध्येच गाण्यात येणं आणि मनात येईल तेव्हा गप्प होणं. मेबेलची गिटार मात्र मुद्दाम कान देऊन ऐका. अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका धरायचा, ही तिची पद्धत. एकच बाई दोन माणसांचं काम करते, आणि तेही विनासायास. साराच्या आवाजाइतकीच ती गिटारही निग्रही आहे.

खरखरीबद्दल तुम्ही लिहिलंय, म्हणून थोडं सांगतो. त्या खरखरीतच जादू आहे असं बरेच लोक मानतात. मला ते पटत नाही. चांगल्या प्रतींवरून नीट स्वच्छ केलेली रूपांतरं आता मिळतात. ती ऐकून बघा, गळा तितकाच दाटतो. उलट आवाज जवळ आल्यामुळे जास्तच. खरखर सांगते ती एवढंच, की ही तबकडी कुणीतरी झिजेपर्यंत वाजवली. ध्वनिमुद्रण मेणावर व्हायचं, पण विकायच्या तबकड्या ज्या लाखेच्या असत, ती लाख बहुतेक हिंदुस्थानातून जायची. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची लाख बंगाल-बिहारच्या जंगलांत गोळा व्हायची आणि सातासमुद्रापार जाऊन तिच्यात साराचा आवाज कोरला जायचा. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा अमेरिकेत सरकारने तिच्या वापरावर निर्बंध घातले आणि लाखेसाठी जुन्या रेकॉर्ड्स मोडीत गेल्या. काय काय गेलं असेल त्यात, या विचाराने मला अजून हळहळ वाटते.

आता हँक विल्यम्स. तुम्ही ऐकलेल्यांत तो असणारच. त्याच्याबद्दल कुणीही म्हणेल की अहो, हा तर उघड रडतो, याचा आवाज फुटतो. फुटतो, खरंय. पण फुटल्यावर तो काय करतो ते बघा. लगेच सावरतो आणि पुढची ओळ ठेक्यावर बरोब्बर धरतो. ३० ऑगस्ट १९४९ ला सिनसिनाटीत त्याने ‘आय ॲम सो लोन्सम आय कुड क्राय’ म्हटलं. नावच नीट वाचा. इतका एकटा आहे की रडू येईल. रडू आलंय असं तो म्हणत नाही. अख्खं गाणं त्या ‘येईल’ आणि ‘आलं’ यांच्या मधल्या जागेत उभं आहे. तीन-तीन मात्रांचा संथ ठेका, दादऱ्याला सरावलेल्या आपल्या कानाला लगेच ओळखीचा. रात्री ओरडणारा पक्षी, दूर जाणारी आगगाडी, ढगामागे गेलेला चंद्र. स्वतःबद्दल तो जवळपास काहीच सांगत नाही. कंपनीला या गाण्याचा एवढा भरवसा की रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टाकलं होतं! चार वर्षंही झाली नाहीत, तोवर १ जानेवारी १९५३ ला, कार्यक्रमाला जाताना मोटारीच्या मागच्या सीटवर तो गेला. वय २९. पाठीच्या कण्यात जन्मापासून दोष होता, दुखणं कायमचं होतं, दारू होती. या गाण्यात यातलं काहीही नाही.

रडण्याचं काम तो देतो स्टील गिटारला. ओळ संपली की तो थांबतो आणि त्या रिकाम्या जागेत जेरी बर्डची स्टील गिटार बोलते. हे वाद्य मांडीवर किंवा स्टँडवर आडवं ठेवतात आणि डाव्या हातातला धातूचा दांडा तारांवरून सरकवतात. सूर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारत नाही, घसरत जातो. म्हणजे मींडच. तुम्हाला शब्द कळत नसूनही काहीतरी आतून हलतं, त्याचं निम्मं श्रेय मी या मींडेला देतो. कोल्हापूर-सांगलीकडच्या माणसाचा कान तयार झालेला असतोच मींडेवर.

या वाद्याचा प्रवास सांगायचा मोह आवरत नाही. स्टील गिटार मूळ हवाई बेटांवरची. जोसेफ केकुकूने १८८९ च्या सुमारास ती पद्धत रुळवली असं मानतात. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात हवाई संगीत गाजलं आणि अमेरिकाभर तिचं वेड पसरलं, ते डोंगरातल्या गवयांपर्यंत पोचलं. दुसरीकडे तीच गिटार कोलकात्याला आली. हवाईचा ताऊ मो १९४० च्या दशकात तिथे राहिला, त्याने तिथे ती वाजवली आणि शिकवली. पुढे ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग वाजवले. रेडिओवर हिंदी सिनेमाच्या चालींचं हवाईयन गिटारवादन आपल्या आधीच्या पिढीने ऐकलंय, वान शिप्लींचं नाव तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. म्हणजे कंट्री संगीताचं माहेरघर असलेल्या नॅशविलची रडणारी गिटार आणि आपल्या रेडिओवरची ती गिटार या सख्ख्या बहिणी. तुम्हाला ती परकी वाटली नाही, यात नवल ते काय?

शब्द न कळण्याबद्दलही खंत करू नका. जिमी रॉजर्सचं उदाहरण देतो. मिसिसिपीचा हा रेल्वे कामगार कार्टर मंडळींच्या पाठोपाठ, ४ ऑगस्ट १९२७ ला, त्याच ब्रिस्टलच्या खोलीत गायला. त्याची ती प्रसिद्ध ‘यॉडल’, आवाज छातीतून एकदम डोक्यात उडवण्याची लकब, जगभर गेली. १९५० साली ह्यू ट्रेसी हा संशोधक केनियात किप्सिगिस लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करत होता. तिथल्या मुली ‘चेमिरोचा’ नावाच्या कुणा अद्भुत प्राण्याला उद्देशून गात होत्या: निम्मा माणूस, निम्मा हरिण. चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स! त्याच्या रेकॉर्ड्स तिथवर पोचल्या होत्या, भाषा कुणालाच येत नव्हती, पण हा आवाज साध्या माणसाचा असणं शक्य नाही असं त्यांना वाटलं होतं.

त्या आवाजामागची फुप्फुसं क्षयाने पोखरलेली होती. क्षयावर त्याने गाणीही म्हटली, तीही तक्रार न करता. १९३३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या ध्वनिमुद्रणाला स्टुडिओतच खाट टाकली होती. एक गाणं झालं की तो आडवा व्हायचा, मग उठून पुढचं. २६ मेला तो गेला. पस्तीस वर्षांचा होता. त्या शेवटच्या रेकॉर्ड्समध्ये दम लागलेला शोधू गेलात तर फार थोडा सापडेल. मी शोधला आहे.

एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. ही गाणी ‘गोऱ्या डोंगराळ लोकांची’ म्हणून विकली गेली, कंपन्यांनी काळ्यांच्या रेकॉर्ड्सची यादीच वेगळी ठेवली होती. पण ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला गावोगाव हिंडायचा तेव्हा त्याच्याबरोबर लेस्ली रिडल असायचा. काळा गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, आमच्या किंग्जपोर्टचाच. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात साठवायचा आणि घरी येऊन मेबेलला वाजवून दाखवायचा. रेकॉर्डच्या कागदी बिल्ल्यावर त्याचं नाव कुठेच नाही. हँकला गिटार शिकवणारा रूफस पेनही रस्त्यावर वाजवणारा काळा माणूस. न रडता दुःख सांगायची ही जी रीत मी एवढी वाखाणतोय, ती घडवण्यात या माणसांचा हात आहे आणि त्यांना तेव्हा कुणी काही दिलं नाही.

जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणणार नाही. मेलेली बाळं, आईची थडगी, पश्चात्ताप झालेले दारुडे यांची त्या काळातली ढीगभर गाणी अशी आहेत की गाणारा आधीच हुंदके देतो आणि आपण कोरडे राहतो. पुढे नॅशविलमध्ये व्हायोलिनांचे ताफे आणि मागून गाणारे कोरस आले, तेव्हा बरंच काही गोड गोड होऊन बसलं. गायिका पॅट्सी क्लाइन त्याला अपवाद. १९६१ च्या जूनमध्ये मोटार अपघातात तिच्या बरगड्या मोडल्या होत्या. ऑगस्टमध्ये ‘क्रेझी’ म्हणायला उभी राहिली तर वरचे स्वर धरताना कळ येई, म्हणून त्या दिवशी नुसते वादकच मुद्रित झाले. नंतर येऊन तिने एका दमात गाणं म्हटलं. तोवर टेप आली होती, म्हणून हे जमलं. त्या कोरसच्या मधोमध ती एकटी शांत आहे, ऐकून बघा.

पुढे काय ऐकायचं, तर सुरुवात कार्टर मंडळींपासून करा. १ ऑगस्ट १९२७ चं ते विलोच्या झाडाचं गाणं, ‘बरी मी अंडर द वीपिंग विलो’. मग ‘आय ॲम थिंकिंग टुनाइट ऑफ माय ब्लू आइज’, आणि ते ऐकण्याआधी एवढं माहीत असू द्या: सारा आणि ए. पी. यांचा काडीमोड १९३६ साली झाला, तरी दोघं शेजारी उभं राहून गात होती. मेक्सिकोच्या हद्दीतल्या एक्सईआरए या जबरदस्त ताकदीच्या रेडिओ केंद्रावरून एके रात्री साराने हे गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉय बेजसाठी म्हणून जाहीर करून म्हटलं, असं सांगतात. कॉय म्हणजे ए. पी. चाच चुलतभाऊ, घरच्यांनी मध्ये पडून लांब नेलेला. त्याने ते तिकडे ऐकलं. १९३९ साली दोघांनी लग्न केलं. रेडिओवर ते म्हणताना शेजारी ए. पी. उभा असेल, आणि साराचा आवाज तेव्हाही नेहमीसारखाच सपाट असेल, यात मला शंका नाही.

हँक त्यानंतर, आणि एका बैठकीत दोन-तीन गाण्यांच्या वर नको.

कधी त्या बाजूला जाणं झालंच तर व्हर्जिनियातल्या हिल्टन्सला जा. कार्टर कुटुंबाने आपल्या जुन्या जागेवर गाण्याचं सभागृह बांधलंय, कार्टर फॅमिली फोल्ड. वाद्यांना वीज जोडायची नाही आणि दारू नाही, हे तिथले नियम. प्रसिद्ध गायक जॉनी कॅश, म्हणजे मेबेलचा जावई, २००३ च्या जुलैमध्ये शेवटचा गायला तो तिथेच. मला आजोबा घेऊन गेले होते. मला वाटलं होतं सगळे गंभीर चेहऱ्याने ऐकत बसतील. तर फिडल सुरू झालं आणि सत्तर-ऐंशीची माणसं उठली, बुटांच्या तळव्यांना लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या, आणि त्या मरणाच्या, ताटातुटीच्या गाण्यांवर टकटक टकटक नाचायला लागली. आजोबासुद्धा. चेहरा साराच्या आवाजासारखा, काही न सांगणारा, आणि पाय थांबत नव्हते.

दर शनिवारी संध्याकाळी साडेसातला सुरू होतं. साधे, मजबूत बूट घालून जा. बसून राहायचं ठरवलंत तरी कोणीतरी आजी हाताला धरून उठवतेच.